यादी द्या आणि गप्प बसा : मेंदूला मार लागलेल्या माणसाची रोजची कामं तपासताना

कागदावरच्या चाचण्या ‘नॉर्मल’, आणि घरी सकाळचे अकरा वाजले तरी आंघोळीचा पत्ता नाही. भाजीला गेलेला माणूस तीन किलो कांदे घेऊन परत येतो आणि ज्या कोथिंबिरीसाठी गेला होता ती दुकानातच राहते. घरचे म्हणतात, “आळशी झालाय.” पेशंट म्हणतो, “मला काही झालेलं नाही, तुम्हीच मागे लागता.” आणि तपासणारा कधीकधी लिहून मोकळा होतो : स्मरणशक्ती चांगली, बुद्धी चांगली, समुपदेशन करावे.

काम सुरू करणं, क्रम लावणं, मध्ये काही उपटलं तर तिकडे बघून परत मूळ कामावर येणं, चुकलं तर ते स्वतःला कळणं, वेळेवर थांबणं, या सगळ्याला मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. खोलीतल्या चाचणीत यातलं बरंचसं तपासणाराच करत असतो. कधी सुरू करायचं, आता काय करायचं, कधी थांबायचं, हे तोच सांगतो. शांत खोली, एका वेळी एकच काम. पेशंटला उरतं फक्त उत्तर देणं. १९९१ साली शॅलिस आणि बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे फ्रंटल लोबला, मार लागलेल्या तीन पेशंटना लंडनमधल्या दुकानांच्या रस्त्यावर कामांची यादी देऊन सोडलं, तेव्हा नेहमीच्या चाचण्यांत चांगले गुण मिळवणारी हीच माणसं तिथे अडखळली. त्या पद्धतीला मल्टिपल एरंड्स टेस्ट, म्हणजे बाहेरच्या अनेक छोट्या कामांची चाचणी, म्हणतात. आपल्याकडे ती करतात, पण बहुतेक वेळा चुकीची करतात. म्हणून हा लेख. तो ऑक्युपेशनल थेरपी आणि मानसशास्त्रात नव्याने आलेल्यांसाठी आहे. पहिले तीन टप्पे मात्र घरच्यांनीही वाचावेत, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

१. आज तपासायचं का, हे आधी ठरवा

अपघातानंतर पेशंट अजून गोंधळलेला असेल, कालचं आज आठवत नसेल, आपण कुठे आहोत हे विचारावं लागत असेल, तर थांबा. या काळात केलेली तपासणी त्या गोंधळाची असते, नियोजनाची नव्हे. वार, ठिकाण, कालचं जेवण आणि काल भेटायला कोण आलं होतं, हे लागोपाठ काही दिवस नीट सांगता आलं की पुढे जा.

मग साध्या गोष्टी. चष्मा आहे का, आणि तो घरी तर नाही ना राहिला? ऐकू नीट येतं का? डाव्या बाजूचं दिसूनही लक्षात न येण्याचा त्रास आहे का? असेल तर यादीचा डावा भाग त्याच्यासाठी नसल्यातच जमा, आणि तुम्ही लिहाल ‘काम विसरला’. फिटच्या गोळ्यांचा डोस नुकताच वाढवलाय का? रात्री झोप झाली का? बोललेलं समजण्यात अडचण असेल तर यादी चित्रांची करावी लागेल. मन फार खचलेलं असेल तर ‘सुरुवातच करत नाही’ यामागचं कारण वेगळं निघू शकतं. त्याची विचारपूस आधी.

तपासून घ्या : बहुतेकांना दुपारनंतर थकवा येतो. पहिली फेरी सकाळीच ठेवा, आणि वेळ लिहून ठेवा. पुढच्या वेळी तीच ठेवायची आहे.

२. अपघाताआधीचा माणूस कसा होता?

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. साठीचे गृहस्थ चहा करताना गोंधळले म्हणून काहीच सिद्ध होत नाही. त्यांनी आयुष्यात कधी गॅस पेटवला नसेल. बँकेचं सगळं नेहमी यजमानांनीच पाहिलेल्या आजींना वीजबिल भरायला लावून तुम्ही त्यांची अनभिज्ञता मोजाल, दुखापत नव्हे. म्हणून काम निवडताना नियम एकच : अपघाताआधी तो माणूस जे स्वतः, रोज, न सांगता करत होता, त्यातलंच काम घ्या.

माहिती दोघांकडून घ्या, वेगवेगळी. बायको आणि मुलगा एकत्र बसले की एकच उत्तर येतं, आणि ते मोठ्या आवाजाच्या माणसाचं असतं. मतं विचारू नका. “आता कसे आहेत?” या प्रश्नाला “पूर्वीसारखे नाहीत हो” हेच उत्तर येणार. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. उठले किती वाजता? आंघोळीला कुणी सांगितलं? किती वेळा? नाश्ता झाल्यावर पुढचा तासभर काय केलं? मागच्या आठवड्यात एखादं काम अर्धवट राहिलं का, कोणतं? पैसे कुठे दिले, मोबाइलवरून दोनदा गेले का?

डीईएक्स (डिसएक्झिक्युटिव्ह क्वेश्चनेअर) नावाची, रोजच्या वागण्यातल्या अशा अडचणी विचारणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली इथे उपयोगी पडते. तिची एक प्रत पेशंट भरतो, एक नातेवाईक. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४. एकूण आकड्यापेक्षा मी दोन्ही प्रतींतला फरक पाहतो. घरच्यांनी जिथे ४ दिलेत तिथे पेशंटने ० दिला असेल, तर स्वतःच्या अडचणीचं भान किती आहे याची पहिली खूण मिळते.

सावधान : पेशंट भरत असताना नातेवाईक शेजारी नको. “अहो, असं काय लिहिता?” एवढ्या एका वाक्याने प्रश्नावली वाया जाते.

३. स्वयंपाकघर, किंवा घरातलं जे काम त्याचं असेल ते

बाजाराआधी घर. इथे धोका आटोक्यात राहतो आणि काम ओळखीचं असतं. मला यासाठी पोहे आवडतात. सामान थोडं, पण क्रम पक्का. पोहे भिजवून निथळायचे, कांदा-मिरची चिरायची, मग कढई ठेवायची, तेल तापलं की फोडणी. ज्याचा क्रम बिघडलाय तो आधी कढई चढवतो, तेल घालतो, आणि मग कांदा शोधायला लागतो. तेल धुरावतं. तो कांदा सोलतच राहतो. हे दृश्य एकदा पाहिलं की ‘सीक्वेन्सिंग’ म्हणजे काय हे पुस्तकातून वाचायची गरज उरत नाही.

जोडीला एक वेळेचं काम द्या : “सव्वादहाला मला वेळ सांगा,” किंवा खरी गोळी त्या वेळेची असेल तर तीच. हातात काम असताना पुढचं दुसरं लक्षात ठेवणं इथेच दिसतं.

पाच गोष्टींची वेगवेगळी नोंद करा : स्वतःहून सुरुवात केली का, सामान जमवलं का, क्रम बरोबर होता का, गॅस, सुरी, गरम भांडं यांबाबत अंदाज बरोबर होता का, आणि काम संपलं हे त्याला कळलं का. शेवटचं फार हुकतं. पोहे झाले, गॅस चालूच, आणि स्वारी बाहेरच्या खोलीत.

मदत करायची वेळ आली तर पायऱ्यांनी करा. तुमची प्रत्येक मदत हे मोजमाप आहे.

० : मदत लागली नाही.
१ : मोघम प्रश्न. “आता पुढे काय?”
२ : खूण. शेगडीकडे नजर, बोटाने दाखवणं.
३ : थेट सांगणं. “गॅस बारीक करा.”
४ : हाताला हात लावून करवणं.
५ : तुम्हीच करून टाकणं.

ही उतरंड एक्झिक्युटिव्ह फंक्शन परफॉर्मन्स टेस्टमधली आहे, आणि आकडा जितका मोठा तितकी मदत जास्त. खालच्या पायरीवर दोनदा प्रयत्न केल्याशिवाय वर चढू नका. पेशंट थांबला की मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा, मगच तोंड उघडा. वीस अंक फार लांब वाटतात. घरच्यांना तर पाचही मोजवत नाहीत, थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात आणि वर म्हणतात, “बघा, सांगितलं की करतात.” सांगितलं की करतात, हाच तर आजार.

सावधान : धोका दिसला की पायऱ्या विसरा. ओढणी किंवा पदर आचेजवळ गेला, गॅसचा वास आला, तर लगेच थांबवा आणि ‘सुरक्षिततेसाठी थांबवले’ असं लिहा.

४. बाजाराची आखणी : आदल्या दिवशीचं काम

जागा निवडताना पहिल्याच वेळी पुण्यातली तुळशीबाग किंवा मंडई नको. तिथे धडधाकट माणसाचं डोकं फिरतं. डहाणूकर कॉलनीसारखा वस्तीतला बाजार घ्या : किराणा, मेडिकल, स्टेशनरी, भाजी, बसथांबा, सगळं दोन गल्ल्यांत. आणि पेशंटला कोणी ओळखत नाही असा भाग घ्या. ओळखीचा वाणी यादी हातातून घेतो, सगळं बांधून देतो, वर “तब्येत जपा काका” म्हणतो. झाली चाचणी!

आदल्या दिवशी, त्याच वेळेला, स्वतः चालत जा. पेठांत आणि जुन्या वस्त्यांत कितीतरी दुकानं एक ते चार बंद असतात. या पुणेरी वामकुक्षीवर विनोद पुष्कळ झाले, पण अकराला सुरू केलेली फेरी रेंगाळत एकपर्यंत गेली तर पेशंटचं काम राहील ते शटरमुळे, आणि शेरा बसेल मेंदूवर. साप्ताहिक सुट्टीचा वार पाहा. गणेशोत्सव, दिवाळीचा आठवडा आणि पालख्या शहरात असतानाचे दिवस टाळा. जुलैत छत्रीसुद्धा एक वाढीव काम होतं.

यादी आठ-नऊ कामांची पुरे. नमुना असा :

- एक बॉलपेन, कोथिंबिरीची एक जुडी आणि अर्धा डझन पाव घ्या.
- मेडिकल दुकान रात्री किती वाजता बंद होतं ते पाटीवरून लिहा.
- थांब्यावरून स्वारगेटला जाणाऱ्या एका बसचा नंबर लिहा.
- किराणा दुकानातली काडेपेटी आणा आणि तिथल्या ज्वारीचा किलोचा भाव लिहा.
- सुरू केल्यापासून २० मिनिटांनी मला देवळाच्या पायरीशी भेटा आणि किती वाजले ते सांगा.

नियम वेगळ्या कागदावर : दिलेल्या रकमेतच भागवायचं. कामं कोणत्याही क्रमाने केली तरी चालतील. एका दुकानात एकदाच जायचं. ठरलेल्या दोन गल्ल्यांबाहेर जायचं नाही. जिथे काही घ्यायचं नाही त्या दुकानात काही विचारायचं नाही. घरी फोन करायचा नाही. उगीच घाई न करता कमीत कमी वेळात संपवायचं. संपलं की मला “झालं” म्हणून सांगायचं.

मूळ चाचणीत ‘काही घ्यायचं नसेल तर दुकानात शिरायचं नाही’ असा नियम असतो. आपल्याकडे निम्म्या दुकानांत बाहेर उभं राहून काउंटरवरूनच घ्यायचं. शिरणं हा प्रकारच नाही. म्हणून तो नियम मी ‘विचारायचं नाही’ असा बदलून घेतो, आणि माहितीची कामं पाटीवरून वाचता येतील अशी किंवा जिथे खरेदी आहे त्याच दुकानातली ठेवतो. नियमांचा असा आपल्या रस्त्याशी मेळ घातला नाही, तर पेशंट नियम मोडल्याशिवाय काम करूच शकत नाही.

पैसे रोख द्या. आदल्या दिवशी स्वतः खरेदी करून बघा, त्यावर वीसेक रुपये जास्त ठेवा. मोबाइलवरून पैसे दिले की हातातली रक्कम संपत आली हे दिसतच नाही, ना त्याला ना तुम्हाला. त्यातून सुटे पैसे मोजणं हीसुद्धा एक पाहण्याजोगी गोष्ट आहे.

तपासून घ्या : बसथांब्यावर पाटी आहे का, आणि तिच्यावरचे अंक वाचता येतात का? मेडिकलची वेळ खरंच लिहिलेली आहे का? माझी एक अख्खी फेरी पाटीवर डकवलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्समुळे बाद झाली आहे.

५. प्रत्यक्ष बाजारात

निघण्याआधी यादी आणि नियम पेशंटला मोठ्याने वाचू द्या, मग त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. चुकला तर दुरुस्त करा, पुन्हा विचारा. सगळं समजलंय याची खात्री इथेच करायची, कारण नंतर ‘विसरला’ की ‘कळलंच नव्हतं’ हे सांगता येणार नाही. दोन्ही कागद पूर्ण वेळ त्याच्या हातात राहू द्या. पाठांतराची परीक्षा नाहीये ही. “किती कामं होतील, काय अवघड जाईल?” हे विचारून उत्तर शब्दशः लिहा. घड्याळ लावा.

आणि आता गप्प बसा.

चार-पाच पावलं मागे, किंचित बाजूला राहा. पुढे कधीच नको, कारण तुम्ही वळाल तिकडे तो वळतो. नातेवाईकांना बरोबर आणू नका. आणलेच तर लांब, हॉटेलात चहा प्यायला बसवा. शिकाऊ असताना मी एका गृहस्थांच्या मागे होतो. ते प्रत्येक कोपऱ्यावर वळून माझ्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. फेरी झकास झाली, नऊपैकी नऊ. बरोबरची सिनियर नंतर म्हणाली, “तू दर वेळी मान हलवत होतास.” ती फेरी मला रद्द करावी लागली, आणि पेशंटला तेवढ्यात रस्ता माहीत झाला. तेव्हापासून मी वहीत डोकं घालून चालतो.

दुकानदाराने केलेली मदतही लिहा. “काका, पाव नको का?” हीसुद्धा तिसरी पायरीच, फक्त काउंटरमागून आलेली.

नोंदी चार रकान्यांत करा :

राहिलेलं काम. अजिबात झालं नाही, किंवा अर्धं झालं.

मोडलेला नियम. कितव्यांदा, आणि स्वतःच्या लक्षात आलं का. “अरे, इथे आलो होतो मी” म्हणून मागे फिरणारा आणि त्याच दुकानात तिसऱ्यांदा शांतपणे जाणारा, या दोघांच्या रकान्यात एकच आकडा टाकलात तर सगळं हरवलं.

चुकीचा लावलेला अर्थ. ‘कोणत्याही क्रमाने’ लिहिलं असूनही यादीतल्याच क्रमाने जायचं असं धरून बसणं.

वळसा. शेजारच्या दुकानातलं काम सोडून गल्लीच्या टोकाला जाणं, मग परत येणं.

याखेरीज तो काय युक्त्या वापरतो तेही लिहा : झालेल्या कामावर खूण करतो का, सुरुवातीला उभं राहून गल्ली न्याहाळतो का, घड्याळ किती वेळा पाहतो. वीस मिनिटांचं भेटण्याचं काम बहुतेकांचं हुकतं. पण त्याआधी घड्याळ एकदाही न पाहिलेला आणि पाहून दोन मिनिटं उशिरा पोहोचलेला यांची पुढची थेरपी वेगळी. लोकांशी वागणं पाहा : रांगेत घुसणं, अनोळखी बाईंशी सलगी, भाजीवाल्यावर खेकसणं. घासाघीस मात्र दोष म्हणून लिहू नका.

सावधान : रस्ता ओलांडताना तुमचा गप्प बसण्याचा नियम लागू नाही. उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या आपल्याकडे नेमाने असतात. दोन्ही बाजूंना पाहिलं का हे लिहा, पण हात त्याच्या कोपराजवळ असू द्या. तोल जात असेल, चेहरा पांढरा पडला, फिटची लक्षणं दिसली किंवा कुणाशी जुंपली, तर फेरी तिथेच थांबवा.

६. “झालं” म्हटल्यावर पहिली पाच मिनिटं

निकाल सांगू नका. “छान केलंत” तर मुळीच नको. आधी विचारा : कसं झालं? किती कामं झाली? एखादा नियम मोडला का? पुन्हा केलं तर काय वेगळं कराल? ही उत्तरं निघण्याआधीच्या अंदाजाशेजारी लिहा. आधी “सगळं होईल”, प्रत्यक्षात चार, आणि नंतरही “सगळं झालं”, असं असेल तर घरी कोणतीही युक्ती शिकवण्याआधी या भानावरच काम करावं लागेल. “बरीच राहिली, घड्याळ बघायला हवं होतं” म्हणणारा पेशंट चार कामं करूनही पुष्कळ पुढे असतो.

७. रिपोर्ट

लंडनमधले आकडे लंडनच्या रस्त्याचे. आपल्या गल्लीला ते लावू नका. ‘सरासरीपेक्षा इतका कमी’ असं लिहायचा अधिकार या फेरीतून मिळत नाही. तुलनेसाठी हवं तर त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या दोघा-तिघांना त्याच यादीवर पाठवून पाहा, म्हणजे यादीच अवघड आहे का ते कळतं. नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठीचे सरासरी आकडे, लागणारच असतील तर खोलीतल्या चाचण्या जोडीला करा. निम्हान्स या बेंगळुरूच्या मेंदू आणि मानसिक आरोग्य संस्थेची २००४ सालची चाचणीमाला भारतीय नॉर्म्ससह उपलब्ध आहे. एक दुसऱ्याला पर्याय नाही.

‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन मध्यम प्रमाणात बाधित’ हे वाक्य कुणाच्याही कामाचं नाही. असं लिहा : ‘नऊपैकी पाच कामे पूर्ण. एकाच दुकानात पुन्हा न जाण्याचा नियम तीन वेळा मोडला, एकदा स्वतःच्या लक्षात आले. घड्याळ पाहिले नाही, भेटण्याची वेळ हुकली. दुकानदाराकडून एकदा थेट मदत. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहिले. फेरीनंतर दोन चुका स्वतः सांगितल्या.’

सुधारणा पाहायला पुन्हा तपासाल तेव्हा गल्ली आणि यादी दोन्ही बदला, कामांची संख्या आणि नियम तेवढेच ठेवा. तीच फेरी दुसऱ्यांदा केली की ती सवयीची होते, आणि नव्या प्रसंगी काय होतं हेच तर पाहायचं होतं.

“मग आता स्कूटर चालवू द्यायची ना?” हा प्रश्न हमखास येतो. या फेरीवरून त्याचं उत्तर देऊ नका. फिट, नजर, प्रतिक्रियेचा वेग हे सगळं वेगळं तपासावं लागतं; न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. नोकरीचंही तसंच, तिथली कामं तिथेच पाहावी लागतात.

घरच्यांना देण्यासाठी रिपोर्टच्या शेवटी एक वेगळी ओळ असू द्या. ‘आठवण करावी लागते’ एवढंच लिहिलं की घरचे दिवसभर आठवण करत राहतात. मदतीची पायरी लिहा : ‘रात्री आठच्या गोळीला “आता काय राहिलं?” एवढं विचारून थांबावे, वीस मोजावेत, गोळी हातात देऊ नये.’ एवढी चिठ्ठी फ्रिजवर चिकटवता येते.